थंडीनं आखडलेला पाय

माझ्या भाचीचा उजवा पाय मोडला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तो कसा मोडला याची जी हकिकत आमच्या घरात सांगितली जाते, ती खोटी आहे. ती मी तयार केली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बहिणीनं विचारल्यावर, क्षणाचाही विचार न करता तयार केली आणि नंतर तीच चालू राहिली. ती हकिकत अशी: मामा नको म्हणत असताना पोरगी चोरून पळायला गेली आणि पाय मोडून घेतला. आता खरं काय ते लिहितो.

तेव्हा मी बँकेत होतो आणि सुरतेत नवागामला राहत होतो. माझी धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचे यजमान, आमचे दाजी, सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये कामाला होते. आम्ही सगळे खानदेशातले. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, शाळेत मराठी आणि पोरांच्या तोंडी या तिन्हींची खिचडी. मला पळायचा नाद होता. दिवाळी संपली की मी पहाटे कॅनॉल रोडला जायचो. सुरतेची थंडी ती काय, असं गावाकडचे लोक हसून म्हणतात. पण कॅनॉलच्या पाण्यावरून वारा आला की कान दुखतात आणि कधी कधी धुकं इतकं असतं की समोरचा विजेचा खांब जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

बारावी झाल्यावर भाचीनं पोलीस भरतीचं डोक्यात घेतलं. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. पळण्याची होती. सोळाशे मीटर, ठरलेल्या वेळेत. दाजींना हे फारसं पटलेलं नव्हतं, पण मी मध्ये पडलो म्हणून त्यांनी एका थंडीची मुदत दिली. ओट्यावर बसून तंबाखू मळत ते तिला म्हणाले, "पय बेटा, पय. पन भरती नही व्हयनी तं उतराणनंतर मी सोयरीक पाहसू."

म्हणजे पळ, पण भरती झाली नाही तर संक्रांतीनंतर मी स्थळं बघणार. दाजी ओरडून कधी बोलत नसत. बोललेलं मात्र करत. भाचीनं मान डोलावली आणि आत जाताना माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मामा, आता तुमच्यावर आहे सगळं."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो.

मी तिला शिकवायला लागलो आणि एका बाबतीत चांगलं शिकवलं. थंडीतल्या त्या रस्त्यावर काय काय होऊ शकतं, ते मला माहीत होतं. त्या दिवसांत बारडोलीकडचे साखर कारखाने चालू असतात. उसाचे ट्रॅक्टर पहाटेच निघतात, मागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही आणि धुक्यात पुढचंही धड दिसत नाही. म्हणून मी तिला नेहमी उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून पळायला लावायचो. अंगात पांढरा शर्ट. कानटोपी कपाळापर्यंत, कान उघडे, कारण आवाज ऐकू आला पाहिजे. निघण्याआधी घरातच जागच्या जागी पाय हलवून अंग गरम करायचं. परत आल्यावर घामानं ओला झालेला शर्ट आधी बदलायचा, मग चहा.

उतराण जवळ आली की सुरतेत आणखी एक भीती असते, मांज्याची. कापलेल्या पतंगांचे दोरे झाडावरून खांबावर, खांबावरून रस्त्यावर लोंबत असतात आणि पहाटे दिसत नाहीत. मी तिला गळ्याभोवती मफलर गुंडाळून पळायला लावलं. ती वैतागायची.

"मामा, मी पळतेय की हिमालयात चाललेय?"

"गळा कापल्यावर भरतीत घेत नाहीत."

"मग तुम्हीच एखादं चिलखत शिवून द्या ना. बेन्क वाळाला पगार चांगला असतो."

बँकवाल्याला गुजरातीत म्हणतात तसं ती मला चिडवायला म्हणायची. आम्ही दोघं हसत हसत परत यायचो. बहीण म्हणायची, "माझ्या पोरीला तू काचेच्या भांड्यासारखी जपतोस." तसा मी जपत होतोच. धोका बाहेरून येईल, असं धरून चाललो होतो.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पायाळू आहे. जन्माला येताना आधी पाय बाहेर आले. आमच्यात समजूत आहे की पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते. आई हे कौतुकानं सगळ्यांना सांगायची, त्यामुळे गल्लीत माहीत झालं होतं. थंडीत कापडाच्या लूमवर रात्रभर उभे राहणारे कारागीर सकाळी घरी जाताना कमरेवर हात ठेवून माझ्या दारात येत. ओट्यावर पालथे पडत. मी पाठीला तीनदा डावा पाय लावायचो, ते उठून जायचे. दोन-तीन दिवसांनी भेटले की म्हणायचे, "साहेब, उतरली."

उसण दोन-तीन दिवसांत आपोआपही उतरते. मी शिकलेला माणूस, मला हे ठाऊक होतं. कोणी विचारलं तर मी हसून म्हणायचो, "लोकांची श्रद्धा आहे, आपलं काय जातं." पण बँकेत मला कोणी साहेब म्हणत नसे. ओट्यावर म्हणत. सकाळी दारात कोणी आलं नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

भाचीचा वेग वाढत नव्हता, तेव्हा मी अंतर वाढवलं. एकदम वाढवलं. कॅनॉल रोड सिमेंटचा, तिच्या बुटांचे तळ घासून गुळगुळीत झालेले. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली की उजव्या नडगीला दुखतंय.

"कुठे?"

तिनं बोट ठेवलं. एकाच जागी, रुपयाएवढ्या. मी दाबून बघितलं तर तिनं पाय ओढून घेतला.

पुढे हाडांच्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. स्नायू दुखतो तेव्हा माणूस तळवा फिरवून दाखवतो, इथून इथपर्यंत. हाड दुखतं तेव्हा एक बोट ठेवतो. पळायला लागल्यावर कमी होत जातं ते आखडणं असतं. पळताना वाढत जातं, तिथे थांबायचं. सुरुवातीला शेक नाही, चोळणं नाही, बर्फ आणि विश्रांती. तिनं एक बोट ठेवलं होतं. मी ते पाहिलं होतं. तेव्हा मला याचा अर्थ माहीत नव्हता, हे खरं. पण ज्याला माहीत आहे अशा माणसाकडे तिला न्यावं, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

मी म्हणालो, "थंडीनं आखडलाय."

थंडीत आमच्याकडे सगळं थंडीनंच होतं. गुडघा, पाठ, दात, सगळं. बहिणीनं रात्री गरम तेलानं नडगी चोळली, मिठाच्या पुरचुंडीनं शेकली. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं. मी पट्टी घट्ट बांधून पळवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती लंगडत आली, तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, तू पाय लावून बघ ना. लोकांना लावतोस, घरच्या पोरीला का नाही?"

"आई, ही उसण नाहीये," भाची म्हणाली. "उसण पाठीत असते."

"तुला काय कळतं त्यातलं? गप झोप."

इथे मला नाही म्हणता आलं असतं. उसण सोडून मी आजवर कशालाही पाय लावला नव्हता. पण बहीण बघत होती, दाजी कामावरून येऊन कपडे बदलता बदलता थांबले होते. मी भाचीला चटईवर झोपवलं आणि नडगीवर डावा पाय ठेवला. नुसता टेकवला नाही. काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून थोडा भार दिला. तीनदा. तिनं चटईची कड मुठीत धरली होती. 

"कसं वाटतंय?" बहिणीनं विचारलं.

"हलकं वाटतंय," भाची म्हणाली. ती माझ्याकडे बघून म्हणाली. माझं मन राखण्यासाठी म्हणाली, हे मला तेव्हाही कळलं असावं.

मग उतराण आली. दोन दिवस सगळं गाव गच्चीवर. पळणं बंद. ती पाय लांब करून फिरकी धरून बसली, चिक्की खात, आणि दुखणं खरंच कमी झालं. आराम मिळाला म्हणून कमी झालं. श्रेय माझ्या पायाला गेलं. दाजी शेजाऱ्यांना सांगत होते, "मेव्हण्यानी पाय लावला आणि उतरलं." मी पतंगाला कणी बांधत होतो. ऐकलं आणि बांधत राहिलो.

भरतीची शारीरिक चाचणी तोंडावर आली होती. वासी उतराण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, संपल्यावर लगेच मी तिला पूर्ण अंतर, पूर्ण वेगानं, घड्याळ लावून पळवायचं ठरवलं. पहाटे ती आली. मफलर बरोबर, शर्ट पांढरा. कॅनॉलपर्यंत चालत गेलो, तेवढ्यात ती दोनदा थांबली.

"मामा, परत दुखतंय. आज थांबू का?"

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. घरातल्या हकिकतीत ते कुठेच नाही. त्या हकिकतीत मी तिला थांब म्हणतो आणि ती थांबत नाही.

मी म्हणालो, "थंडीनं आखडलाय. पळशील तसा मोकळा होईल."

तिनं मफलर घट्ट केला. मग म्हणाली, "तुम्ही पाय लावलाय ना, मग होईलच." त्यात टोमणा होता की विश्वास, मला आजही ठरवता आलेलं नाही. ती पळाली. पहिला अर्धा भाग तिनं इतका चांगला काढला की मी घड्याळाकडे बघून खूश झालो. मग पुलाच्या अलीकडे ती पाय टाकायला गेली आणि पाय तिच्या अंगाखाली दुमडला. मी जवळ पोहोचलो तेव्हा ती बसलेली होती. नडगी जिथे सरळ असायला हवी तिथे नव्हती. समोरून उसाचा एक ट्रॅक्टर आला. आम्ही योग्य बाजूला होतो, म्हणून त्याला दिसलो. चालवणारा उतरला, त्यानंच तिला उचलून रिक्षात बसवायला मदत केली. हा मुलीचा बाप असणार असं समजून तो मला धीर देत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, की तडा आधीपासून असणार, बारीक. त्यावर पळाल्यामुळे आरपार गेला. मग त्यांनी विचारलं, "यावर कोणी दाबलं होतं का? चोळलं होतं?" मी म्हणालो, थोडं तेल लावलं होतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मघाशी लिहिलं ते सगळं समजावलं, शांतपणे, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ नव्हती.

बाहेर व्हरांड्यात बहीण आणि दाजी उभे होते. भाची स्ट्रेचरवर, भिंतीला लागून, आत न्यायची वाट बघत. बहिणीनं विचारलं, "कसं झालं रे हे, दादा? तू होतास ना बरोबर?"

दाजींचे डोळे माझ्यावर होते. गल्लीतले दोघं-तिघं आले होते. त्यांतल्या एकाची उसण मी आदल्याच आठवड्यात उतरवली होती.

मी म्हणालो, "मी नको म्हणत होतो. दोन दिवस आणखी थांब म्हटलं होतं. ऐकलं नाही. पहाटे एकटीच निघाली, मी मागून गेलो तोवर पडलेली होती."

भाचीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती बोलेल म्हणून मी वाट बघितली, आणि ती बोलली नाही. मामा खोटं बोलतोय, असं आईबापासमोर म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी त्या पद्धतीच्या आड उभा राहिलो.

दाजी फक्त एवढंच म्हणाले, "मंग भरती राहू दे आते."

प्लास्टर निघालं तेव्हा चाचणी होऊन गेली होती. पाय जुळला, पण थोडा वाकडा जुळला. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा पळायचं नाव काढलं, तर बहिणीनं तेच वाक्य टाकलं: "मामाचं ऐकलं असतंस तर आज वर्दीत असतीस." मी तिथेच बसलो होतो. वाक्य नेमकं उलटं होतं. तिनं माझं ऐकलं म्हणूनच ती वर्दीत नव्हती. दाजींनी बोलल्याप्रमाणे सोयरीक पाहिली. जावई चांगला आहे, बारडोलीला साखर कारखान्यात आहे. तिचं वाईट झालं, असं कोणी म्हणणार नाही. पण तिला जे हवं होतं ते हे नव्हतं आणि त्याचं कारण म्हणून तिच्याच हट्टाकडे बोट दाखवलं जात राहिलं.

ओट्यावर येणाऱ्यांना मी त्या थंडीनंतर पाय लावणं बंद केलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. तेही खोटंच.

एकदा मी बारडोलीला तिच्या घरी गेलो होतो. जावई ड्युटीवर. मी चहा घेता घेता सुरुवात केली, "त्या वेळी व्हरांड्यात मी जे..." तिनं मला पुढे जाऊ दिलं नाही.

"मामा, मला कशाला सांगताय? मी तिथेच होते."

"पण मला..."

"ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना." मग बिस्किटांची ताटली पुढे सरकवली. "घ्या. नानखटाई आहे, सुरतेचीच."

त्या वेळी दाजी हयात होते. मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही. आज नको, त्यांची तब्येत बरी नाही, घरात पाहुणे आहेत, असं करत राहिलो. दाजी मागच्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत लेक उशाशी बसून होती. ते तिला म्हणाले, "तू तव्हय ऐकी लेती तं..." तू तेव्हा ऐकलं असतंस तर. वाक्य पुरं झालं नाही. मी दाराजवळ होतो. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

या थंडीत बहिणीच्या गच्चीवर आम्ही पोंक खायला जमलो होतो, ज्वारीचा ओला हुरडा, वर शेव आणि लिंबू. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांची मुलगी भरतीसाठी पळते. मुलीच्या पायाला दुखतंय, असं त्या सांगत होत्या. बहीण म्हणाली, "तिला सांगा, मोठ्यांचं ऐकायचं. आमचीनं ऐकलं नाही. विचारा माझ्या भावाला."

त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "तिला हाडांच्या डॉक्टरकडे न्या. उद्याच न्या. पळवू नका." एवढं बोललो. ते बोलणं बरोबर होतं. पण बहिणीच्या वाक्यावर मी त्या दिवशीही गप्प बसलो, हातातला पोंक खात.

चार-पाच दिवस झोप नीट लागली नाही. मग एका सकाळी गेलो. बहीण जमिनीवर बसून उंधियूच्या भाजीसाठी पापडीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, दोन शेंगा हातात घेतल्या आणि सांगितलं. चटईपासून व्हरांड्यापर्यंत. ती सोलत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "परत सांग."

"काय?"

"ती काय म्हणाली होती, कॅनॉलवर."

"आज थांबू का, म्हणाली."

"आणि तू?"

"पळ म्हणालो."

ती पुढची शेंग घेऊन तिचा दोरा काढत बसली. मग म्हणाली, "तिच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा मी तिला मारलं होतं. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"पाणी मागितलं होतं तिनं. मी म्हटलं, चोरून पळायला पाय होते, आता पाण्याला नाहीत? आणि मारलं." तिनं शेंगा बाजूला केल्या. "एवढी वर्षं माझ्याच घरात चहा प्यायलास तू, दादा."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं हातानं थांबवलं आणि पदराला हात पुसून फोन घेतला. पलीकडे भाचीनं उचलला असावा.  बहीण म्हणाली, "जेवण झालं? ... हो, मी ठीक आहे... नाही गं, सहजच केला." ती भिंतीकडे तोंड करून बसली. "थंडीत दुखतो का गं तुझा पाय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ भाची बोलत होती आणि बहीण नुसती "हं, हं" म्हणत होती. मी उठलो, चपला घातल्या. बहिणीनं मागे वळून पाहिलं नाही आणि मीही 'येतो' म्हणालो नाही.